टोकाचा विरोध

मी अर्ध्या जिन्यात होते. हातात कोथिंबिरीची जुडी, खांद्याला लॅपटॉपची बॅग, आणि वरच्या वळणावर आमच्या शेजारच्या मंदाबाई बाबांना विचारत होत्या, “काकाजी, अजून किती दिवस मुक्काम हाये?” मंदाबाई मनाच्या वाईट नाहीत, जिभेला मात्र कुंपण नाही. बाबा म्हणाले, “पाहुना मानूस मी, बाई. उद्या सकायच्या गाडीनं चाल्लो अल्लीपूरले.” आणि नेहमीसारखं पुढं जोडलं, “येतो.” बस्, एवढंच. त्यात रडण्यासारखं काय होतं? पण माझे पाय जिन्यातच राहिले. होळीच्या दुसऱ्या दिवशी मी ह्या माणसाला अल्लीपूरहून आणलं, आता दिवाळी होऊन गेली, आणि माझा सख्खा बाप माझ्याच घराच्या जिन्यात स्वतःला पाहुणा म्हणवून घेतो. जायचं ठरलंय हे आधी मंदाबाईला कळतं, मग मला. मी तशी भडकू आहे. माझा नवरा सचिन म्हणतो, तेल तापायच्या आधीच तडतडणारी मोहरी. पण त्या वेळी तडतडलेसुद्धा नाही, नुसती कठडा धरून उभी राहिले. जिन्याच्या जाळीतून कापसाचा एक पुंजका आत आला. कार्तिकात वर्ध्याच्या हवेत कापूस असतोच. बाजाराकडं जाणाऱ्या गाड्यांतून उडतो, रस्त्याकडेच्या बाभळींना लटकतो, कुणाच्याही घरात शिरतो. हा पुंजका मात्र खाली पडेना आणि वरही जाईना. जिन्यातच तरंगत राहिला. मी त्याच्याकडं बघत राहिले आणि मला वाटलं, ही अधलीमधली जागा आपल्या ओळखीची आहे.

ओळखीची असायलाच हवी. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि उरलेल्या वेळात एका तारेच्या टोकाशी बसलेली असते. तार म्हणजे डोळ्यांना दिसणारी नव्हे. केसाच्या उभ्या हजार चिरफळ्या केल्या तर त्यातली एक, एवढीच ती, अॅल्युमिनियमची, आणि तिच्या दोन्ही टोकांना सोन्याचे ठोकळे जोडलेले. सुट्या लागल्या की मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जाते आणि ती तार हेलियमच्या थंडीत उतरवते. तेवढ्या थंडीत अॅल्युमिनियम अतिवाहक होतं. म्हणजे आतले इलेक्ट्रॉन, जे एरवी जत्रेतल्या पोरांसारखे धडकत, ठेचकाळत जातात, ते जोड्या लावतात, आणि एकदा जोडीनं निघाले की त्यांना कशाचीच अडचण होत नाही. रोध शून्य. पुस्तकात ‘रोध’ असतं, पण आमच्याकडं शाळेपासून सगळे ‘विरोध’च म्हणतात, आणि त्या एका ‘वि’नं माझं लग्न मोडता मोडता राहिलं होतं. सचिनकडची मंडळी मला बघायला अल्लीपूरला आली होती. मुलगी काय शिकते, असं त्याचे काका सदाशिवराव यांनी विचारलं, आणि बाबांनी छाती फुगवून सांगितलं, “माही पोरगी विरोधावर काम करून राह्यली.” सदाशिवरावांनी चहाचा कप खाली ठेवला. “कोनाचा विरोध? लग्नाले?” बाबा गोंधळले, सचिन वर बघेना, मी आतल्या खोलीत ओढणीचा बोळा तोंडात कोंबलेला, आणि माय, माझी माय कुंताबाई, दाराआडून म्हणाली, “नाई वो भाऊ, तारेचा. माणसाचा नाई.” एवढ्यावर निभावलं. माय असली की बाबांचं असं सगळं निभावून जायचं. ते अर्धं बोलायचे आणि उरलेलं अर्धं ती पुरवायची.

तर माझ्या तारेचा विरोध शून्याला टेकत नाही, हे माझं दुखणं. थंड करत गेलं की तो धाडकन उतरतो आणि जमिनीला लागायच्या आधी थांबतो. एक चिमूटभर उरतोच. प्रयोगशाळेतले माझे सर म्हणाले, जोड कच्चा असेल. मी जोड नव्यानं केला, घासून, पुसून, निर्वात पोकळीत, कुठं धुळीचा कण राहू दिला नाही. तरी चिमूटभर उरला. तार लांब घेतली, तेवढाच. आखूड घेतली, तेवढाच. लांबीनं फरक पडत नाही म्हणजे तो तारेच्या पोटात नाही, तिच्या दोन टोकांत आहे, हे मला कळत होतं. सोनं साधा धातू, तिथले सगळे एकटे-एकटे. एकटा चालत येतो, उंबरठ्याशी पोचतो, आणि बघतो तर आत सगळी जोडप्यांची वस्ती. कुणी त्याला अडवत नाही, पण आतला रस्ताच दोघांसाठी आहे. मग तो थोडं आत एकटाच जातो, चाचपडतो, कुणीतरी भेटतं, जोडी लागते, आणि तिथून पुढं त्याला काही जाणवत नाही. ते चाचपडण्याचं अंतर, तेवढाच काय तो विरोध. पण सरांचा सकाळीच फोन, “छायाताई, जोडातला दोष म्हणा आणि वजा करून टाका. आलेख शून्याला टेकला म्हणजे कुणी प्रश्न विचारत नाही. संध्याकाळपर्यंत कळवा.” मी हो-नाही काहीच बोलले नव्हते. वजाबाकी करायला असं काय लागतं? एक बटण.

घरात शिरले तर बाबांचा झोला गॅलरीच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला, भरून फुगलेला. बाबा गॅलरीत खाली बसून वांग्यांची देठं काढत होते. गॅलरी हे घराचं टोक. पुढं लोखंडी कठडा, त्यापुढं वर्ध्याचं आभाळ. आम्ही त्यांना मागची खोली दिली, पलंग दिला, खिडकीला पडदा लावला. खोली तशीच पडून आहे. ते गॅलरीत झोपतात, गॅलरीत रांधतात, स्वतःच्या छोट्या सिलेंडरवर, अल्लीपूरहून आलेल्या ज्वारीची भाकर. कारण आमच्यात लेकीला लेकरू होईपर्यंत आईबाप तिच्या घरचा घास घेत नाहीत, पाणीसुद्धा नाही. आता कोण पाळतं हे? दुनियेनं सोडलं, माझ्या आईबापांनी नाही सोडलं. दोघं यायचे तेव्हा मायच्या हातात पिठाची पिशवी, बाबांच्या हातात पाण्याची कॅन, आणि माय हसत म्हणायची, “पाय वो छाया, वऱ्हाड आलं तुया घरी.” तेव्हा मलाही हसू यायचं, होईल लेकरू, जाईल कुठं. नाही झालं. दवाखाने झाले, नवस झाले, मग मी आणि सचिननं तो विषयच मिटवून टाकला. गेल्या वर्षीच्या पोळ्याला माय गेली. आणि बाबा पाणी आणतात ते खालच्या नळावरून, बादली धरून, धापा टाकत. मी एकदा ओरडले की घरात नळ असताना खाली काऊन जाता, तर म्हणाले, “खालचा नय नगरपालिकेचा हाये. तुया नवऱ्याचा नाई.” सूर्य बुडायच्या आत स्वयंपाक उरकतात, दिवा लावावा लागू नये म्हणून, कारण लाईट माझ्या घरचा. सचिनला हे सगळं गमतीचं वाटतं. मला नाही वाटत. मला रोज संध्याकाळी त्या भाकरीच्या थापांतून ऐकू येतं, लेकरू नाई, लेकरू नाई.

फाल्गुनात बाबा वांग्याच्या वावरात चक्कर येऊन पडले आणि दिवसभर तिथंच पडून राहिले. दिवेलागणीला शेजारचा रामाजी पाणी बंद करायला गेला, त्याला सापडले. उन्हानं ओठ फाटलेले, गालाला माती, आणि शुद्धीवर आले ते मायला हाक मारत. डॉक्टर म्हणाले, ह्यांना एकटं ठेवू नका, पुढच्या वेळी रामाजी असेलच असं नाही. मी एकुलती एक. दुसरं घर कुठलं आहे त्यांना? आणि आता उद्या सकाळची गाडी. मी कोथिंबिरीची जुडी ओट्यावर आपटली, लॅपटॉप उघडला, गॅलरीकडं पाठ करून बसले. बोलले असते तर भांडण झालं असतं. पडद्यावर तोच आलेख होता, धाडकन उतरणारा आणि जमिनीशी थबकणारा. दुपार अशी काही शांत की जंक्शनवर डबे जोडल्याचा आवाज घरात येत होता. धड्ड. मग लांबपर्यंत एकेका डब्यातून जाणारा तोच आवाज, बारीक होत होत. कार्तिकाचं ऊन टेबलावर आलं, माझ्या मनगटावर आलं. मला वाटतं मी जागीच होते. पण आलेखाची रेघ मला दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी बांध दिसायला लागला, आमच्या वावराचा, दोन्हीकडं वांगी, जांभळी फुलं, आणि मी त्या बांधावरून चाललेली, खूप हलकी, अंगावर वजनच नाही. पुढं एक दार. दार म्हणजे नुसती चौकट, भिंती नाहीत. आत लग्नातल्यासारखी गर्दी आणि सगळे दोन-दोन. आवाज मात्र नाही. एवढी माणसं चालतायत आणि पावलांचा आवाज नाही. माय आणि बाबा माझ्या शेजारून पुढं गेले, तिच्या हातात पिठाची पिशवी, बाबांच्या हातात कॅन. माय कुणाला तरी म्हणाली, “आमी दोघं आहो,” आणि ते चौकटीतून असे गेले की चौकट होती हेसुद्धा त्यांना कळलं नाही. मी मागून हाक मारली. वळून पाहिलं ते एकट्या बाबांनी. पुन्हा चौकटीच्या बाहेर, पुन्हा तीच पिशवी, तीच कॅन, दोन्ही त्यांच्याच हातात. आतल्या कुणी त्यांना नाही म्हटलं नव्हतं. आतले लोक चांगले होते. आणि माझ्या अंगावरून काहीतरी उलटं गेलं, बांधावरून, आले त्याच वाटेनं मागं, अल्लीपूरकडं. त्याला हात नव्हते, पाय नव्हते. शिकवताना मी पोरांना सांगते, एक आत जाताना दुसऱ्याला सोबत घेऊन जातो आणि त्या दुसऱ्याची रिकामी जागा आल्या पावली मागं फिरते. फळ्यावर एक पोकळ गोल काढते आणि त्याला उलटा बाण जोडते. त्या पोकळ गोलाला मायच्या पातळाचा वास होता.

जंक्शनवर गाडीची शिट्टी झाली तशी मी दचकले. ऊन टेबलावरून उतरून भिंतीवर चढलं होतं, आणि गॅलरीतून भाजलेल्या वांग्याचा वास येत होता. तोंड कडू पडलेलं. सचिन आमच्या खोलीत रविवारची झोप घेत घोरत होता. उठून गॅलरीच्या दारात गेले. बाबा आचेवरचं वांगं चिमट्यानं फिरवत होते, वर बघितलं नाही.

“कधी ठरवलं?”

“कायचं?”

“जायचं, बाबा. उगीच वेड पांघरू नका.”

“रामाजी भेटला बाजारात. म्हने, वांगे लागले. कोनीतं पाह्यले पाह्यजे न.”

“अन् मंदाबाईले सांगता, मले नाई सांगत?”

“तुले सांगतलं असतं तं तू रडली असती.”

“मी कायले रडू? मी भांडली असती.”

“तेच ते,” बाबा म्हणाले आणि वांगं उलटं केलं.

मग माझ्या तोंडून ते निघालं, जे मी होळीपासून गिळत होते. “बाबा, मले लेकरू नाई म्हणून तुमी माह्या घरचा घास घेत नाई. रोज घेत नाई. हे मले रोज दिसते.” मला वाटलं होतं ते गप्प बसतील. त्यांनी चिमटाच खाली ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी भलत्याच कुणाच्या घरी येऊन बोलले असावे. “बह्याड हाये का वो पोरी? तुया लेकराचा काय संबंध?” “मंग काऊन?” “काऊन म्हंजे,” म्हणाले, आणि थांबले. त्यांना अशा ठिकाणी थांबायची सवय आहे, पुढचं अर्धं मायचं असायचं. मी वाट बघितली. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. “तुया मायनं पाळलं हे,” शेवटी ते म्हणाले. “मी तं कव्हाचं म्हनत होतो, कुंते, सोड न आता, पोरीच्या घरचा चहा पेऊ. दोघं पेऊ. तं ती म्हने, पुढच्या बारीनं पेऊ. दर बारी, पुढच्या बारीनं. पुढची बारी आलीच नाई.” त्यांनी वांग्याची जळकी साल बोटांनी ओढून काढली, चटका बसला तरी हात मागं घेतला नाही. “दोघांनी धरलं होतं, छाया. आता मी एकट्यानं कसा सोडू?”

मला एकदम खूप थकल्यासारखं झालं आणि त्याच वेळी अंगावरून ओझं उतरल्यासारखंही. इतके दिवस मी काय करत होते? खोली द्या, पलंग द्या, पडदा लावा, भांडा, रुसा. जोड घासत होते. घासून घासून चकचकीत केला आणि तरी चिमूटभर उरला म्हणून स्वतःला दोष देत बसले, स्वतःच्या पोटाला दोष देत बसले. जोडात काही नव्हतं. जोड चांगला होता. बापाचा लेकीवर जीव होता, लेकीचा बापावर होता, कुठं धुळीचा कण नव्हता. पण जोडीतला एकटा उरलेला माणूस कुठल्याही घरात गेला तरी त्याला थोडं अंतर एकट्यानंच चालावं लागणार, आणि ते अंतर दुसऱ्या कुणाला त्याच्याकरता चालता येत नाही. मी आत आले. लॅपटॉप उघडाच होता, सरांना एक ओळ लिहिली, “टोकाचा विरोध वजा करत नाही, तो जोडातला दोष नाही, तो तसाच राहील.” मग रॅकवरून ताट घेतलं.

ताट घेऊन मी गॅलरीच्या दारात आले आणि चप्पल काढली. माझ्याच घरात चप्पल काढून मी उंबरठा ओलांडला, त्यांच्यासमोर मांडी घातली आणि ताट पुढं केलं. “बाबा, मी माहेरी आली. वाढा.” लेकीनं बापाच्या घरी खायला कुठल्या रीतीची ना असते? बाबा ताटाकडं बघत राहिले, मग माझ्याकडं, मग त्या ताटाच्या खालच्या फरशीकडं, जणू ती फरशी कुणाच्या मालकीची हे ठरवत होते. मग त्यांनी टोपल्यातली भाकर उचलली, मोडली, अर्धी मला, अर्धी स्वतःला, वांग्याचं भरीत वाढलं, वरून कच्चं तेल सोडलं, आणि माझीच कोथिंबीर आणायला मी उठू लागले तर म्हणाले, “बस. इथं भेटते तेच खाय.” मीठ जास्त झालं होतं. मी सांगितलं. “तुई मायबी रोज सांगे,” म्हणाले. आम्ही जेवत होतो तेवढ्यात सचिन डोळे चोळत दारात आला आणि आमच्याकडं बघत राहिला. “मी माहेरी गेली आहे,” मी त्याला म्हटलं, “आपल्या हातानं वाढून घे.” तो हसत आत गेला आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. बाबांच्या मिशीत भाकरीचा कण अडकला होता. कठड्याच्या पलीकडं आभाळ तांबूस होत चाललं होतं, आणि त्या उजेडात कुठून कुठून कापूस तरंगत होता.

आमच्याकडं निघताना एक शब्द जाणाऱ्याचा असतो आणि एक राहणाऱ्याचा. जाणारा म्हणतो, येतो. राहणारा म्हणतो, येजो. होळीपासून बाबा मला, सचिनला, मंदाबाईला, दूधवाल्याला, साध्या बादली भरायला खाली उतरतानासुद्धा ‘येतो’च म्हणत आले. मी ताट घेऊन उठले आणि म्हटलं, “येतो, बाबा.” त्यांनी मान हलवली, आणि मी वळले तशी घाईनं म्हणाले, “थांब. रिकाम्या हातानं जातं का?” हे मायचं काम होतं. लेक निघाली की माय ओटीत काहीतरी घालायची, दाणे, वांगी, काही नाही तर गुळाचा खडा, आणि बाबा तेव्हा मुद्दाम बैलांकडं निघून जायचे. ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, कष्टानं. पिशवीतून ओंजळभर ज्वारी काढली, दोन वांगी घेतली, आणि माझ्यापुढं उभे राहिले. आता ते घालायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी ते कधी केलंच नव्हतं. मी ओढणीचा पदर पसरला. दाणे सांडले थोडे, वांगी नीट पडली. मी त्यांच्या तोंडाकडं बघायचं टाळलं, कारण ते रडत होते आणि मीही रडत होते, आणि आमच्या घरात अशा वेळी एकमेकांकडं बघत नाहीत.

पदर धरून मी उंबरठा ओलांडला, चप्पल पायात घातली, ओट्याशी गेले. वांगी ठेवायला हात पुढं केला आणि नुसती उभी राहिले. मागं खिळ्याचा बारीक करकर आवाज झाला. झोला खाली उतरवल्याचा. मग त्यातून एकेक वस्तू निघून फरशीवर ठेवल्याचे आवाज, तांब्या, तेलाची बाटली, अडकित्ता ठेवलेली मायची डबी. मी वळले नाही.

“छाया,” बाबांनी गॅलरीतून हाक मारली. “उद्या जराशी लवकर येजो. भाकर गरम असते तव्हा.”